टोरांटोहून आणलेली नाळ

उझोआमाका म्हणजे 'रस्ता चांगला आहे'. ज्या रस्त्यावर ती जन्मली तो अजिबात चांगला नव्हता. देशातल्या यादवी युद्धात आमचं एनुगू शहर शत्रूच्या हाती पडलं त्या आठवड्यात अर्धा मुलूख डोक्यावर गाठोडी घेऊन पळत होता, आणि त्यात तिची आई नवव्या महिन्याची. उदीच्या पुढे, ओजी नदीच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या एका शाळेच्या पडवीत ती बाळंत झाली. आठवडाभराने तिथेही तोफा ऐकू यायला लागल्या आणि पुन्हा पळापळ झाली. पुढच्या मुक्कामाला आईने पोरीला फडक्यातून सोडवलं तर पोटावरची नाळ गळून गेलेली. कुठे, ते देवाला ठाऊक. पोर वाचली यातच आईने समाधान मानलं आणि रस्त्याची मनधरणी करावी तसं नाव ठेवलं.

पण आमच्याकडे नाळ हरवणं ही साधी गोष्ट नाही. पोराची नाळ गळली की ती बापाच्या अंगणात तेलमाडाच्या रोपाशी पुरायची. ते झाड त्या पोराचं. फळं त्याची, तेल त्याचं, आणि उद्या तो परदेशी जाऊन मोठा साहेब झाला तरी 'तू कुठला' या प्रश्नाचं उत्तर ते झाड. भांडण पेटलं की माणसं आधी आईबाप काढत नाहीत, 'तुझी नाळ कुठे पुरलीय ते सांग' म्हणतात. उझोआमाकाच्या भावांचे माड घरामागे ओळीने उभे होते. लहानपणी तिने एकदा धाकट्या भावाच्या माडाखाली पडलेली फळं वेचली तर त्याने तिला अंगणभर पळवलं. आई मध्ये पडली नाही. पडून काय सांगणार होती?

मोठी झाल्यावर उझोआमाका नाइन्थ माइलच्या नाक्यावर ओक्पा विकायला बसली. उत्तरेची असो की पश्चिमेची, प्रत्येक बस त्या नाक्यावर थांबते, आणि कडधान्याच्या पिठाचा, केळीच्या पानात उकडलेला, पामतेलाने पिवळाधमक झालेला तो गरम गोळा खिडकीतून घेतल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. नवरा लवकर गेला, त्याच्यामागे ओक्प्यानेच घर चालवलं. भावजय यायची आणि म्हणायची, "जिची नाळ रस्त्यात पडली ती रस्त्यातच बसायची."

"हो ना," उझोआमाका म्हणायची, "आणि तुला भूक लागली की तूही रस्त्यातच येतेस." असं म्हणून गरम ओक्पा तिच्या हातात ठेवायची. हसायची खरी, पण तो काटा आत रुतलेलाच राहिला. हे मी उगाच सांगत नाही, सगळ्या नाक्याला माहीत होतं.

तिची एकुलती एक मुलगी चिदिम्मा. तिला उमुओझी गावच्या ओबिओराचं स्थळ आलं तेव्हा मुलाकडचे वडीलधारे रीतीप्रमाणे मुलीच्या घरची चौकशी करायला बसले. उदे काका म्हणून त्यांच्या भावकीतले थोरले, त्यांनी नेमकं तेच काढलं. "मुलीच्या आईचं झाडच नाही कुठे. जिचा पत्ता नाही तिच्या लेकीला घरात घ्यायचं म्हणजे..."

ओबिओराची आई ओयिदिया दाराशी बसली होती. विधवा, उंचपुरी, आवाज असा की कोंबड्या पांगतील. ती म्हणाली, "बाईची नाळ हरवली, बाई तर नाही ना हरवली? ही बघा, समोर बसलीय, तुमच्यासाठी ओक्पा घेऊन आलीय. खा आणि गप्प बसा."

काकांनी खाल्लं आणि गप्प बसले. त्या दिवसापासून या दोन विहिणींचं जे जमलं ते सख्ख्या बहिणींचं जमणार नाही. एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही.

लग्नानंतर ओबिओरा आणि चिदिम्मा टोरांटोला गेले. तिकडे चिदिम्माला दिवस गेले. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आईनेच जायचं, बाळंतिणीला गरम पाण्याने शेकायचं, मिरीचं तिखट सार पाजायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, हा आमच्याकडे आईचा हक्क आहे. तो कोणी हिरावून घेत नाही. विमान जन्मात पाहिलं नव्हतं तरी उझोआमाकाने एकदाही 'कसं जाऊ' असं म्हटलं नाही. एनुगूला तिकिटवाल्याच्या दुकानात जाऊन ती ठाण मांडून बसली.

तिकिटवाला पोरगेला होता. त्याने पडद्यावर नकाशा दाखवला. "मम्मी, इथून आधी अदिस अबाबा. तिथून टोरांटो."

उझोआमाकाने नकाशा नीट पाहिला. "टोरांटो सूर्य मावळतो तिकडे आहे ना?"

"हो."

"आणि हे अदिस उगवतीकडे?"

"हो मम्मी."

"म्हणजे एनुगूहून ओनित्शाला जायला तू मला आधी अबाकालिकी दाखवून आणणार?"

दुकानातली माणसं हसायला लागली. तिकिटवालाही हसला. "सरळ गेलं तर नऊ-साडेनऊ हजार किलोमीटर आहे मम्मी. पण सरळ विमान नाही. असं गेलं की पंधरा हजार होतात. नुसतं हवेतच वीस तासांच्या आसपास."

कोणी म्हणेल हा शुद्ध द्राविडी प्राणायाम. उझोआमाकाला मात्र एवढंच कळलं की वाट लांबची आहे आणि आपल्याला जायचं आहे. "काढ तिकीट," ती म्हणाली. "जाताना वळसा चालेल. येताना मात्र माझ्याकडे मौल्यवान वस्तू असणार, तेव्हा वाटेत मला कुठे उतरवायचं नाही."

निघायच्या आदल्या दिवशी ती उमुओझीला ओयिदियाला भेटायला गेली. ओयिदियाचे पाय तेव्हाच सुजायला लागले होते.

"विहीणबाई, निवडून ठेवलेलं रोप दाखवते, ये," ओयिदिया म्हणाली. अंगणाच्या कडेला पिशव्यांमधून तेलमाडाची तीन-चार रोपं होती. "नातवंडाची नाळ मी माझ्या हाताने पुरणार. तू फक्त आणून दे. आणि सांभाळून आण हो, तुमच्या घराण्याला सवय आहे हरवायची."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर उझोआमाकाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. ती फक्त म्हणाली, "तुमच्या हातात ठेवीन. तोवर हात शाबूत ठेवा."

टोरांटोला मुलगी झाली. उझोआमाकाने पहिल्या दिवसापासून नाळेवर असा डोळा ठेवला की नर्सलाही जवळ येऊ देईना. आठव्या दिवशी नाळ गळली. तिने ती कापसात गुंडाळली आणि बामाच्या रिकाम्या, घासूनपुसून वाळवलेल्या डबीत ठेवली.

चिदिम्मा पलंगावरून बघत होती. "आई, खाली बागेत एक झाड आहे. तिथेच पुरूया ना. पोरगी इथेच वाढणार आहे."

"ते झाड कोणाचं?"

"इमारतीचं."

"म्हणजे उद्या इमारतवाल्याने तोडलं तर तुझी पोरगी कुठली?"

"मग कुरिअरने पाठवते सासूबाईंना. चार दिवसांत पोचतं."

"नाळ म्हणजे काय सुकी मासळी आहे पार्सल करायला?" उझोआमाकाचा आवाज चढला. बाळ दचकलं, तशी ती पुन्हा हळू बोलायला लागली. "तुझं झाड आहे, चिदिम्मा. म्हणून तुला झाडाची किंमत नाही. जिला नाही तिला विचार."

चिदिम्मा पलंगावर उठून बसली. आईच्या तोंडून हे तिने कधीच ऐकलं नव्हतं. मग उठली, डबी हातात घेतली, झाकण घट्ट बसलंय का पाहिलं आणि आईला परत दिली.

उझोआमाका मार्चपर्यंत राहणार होती. जानेवारीत उमुओझीहून ओबिओराच्या चुलतभावाचा, इकेम्बाचा फोन आला. ओयिदियाच्या पायांची सूज पोटापर्यंत चढली होती आणि डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. ओबिओराचे कागद अडकलेले. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतील की नाही याची खात्री नाही. तो न्हाणीघरात जाऊन रडला. उझोआमाकाने दारावर थाप मारली आणि म्हणाली, "जावईबापू, रडणं नंतर. माझं तिकीट बदल."

डबी तिने कमरेच्या कापडाच्या कनवटीला बांधली, वरून दोन गाठी मारल्या. टोरांटोच्या विमानतळावर बर्फ पडत होता, विमानाच्या पंखांवर माणसं गरम पाणी मारत होती. अदिसपर्यंत ती झोपली नाही, अदिसपासून तर नाहीच. पुढच्या आसनाच्या पाठीवर छोटा पडदा होता, त्यात एक चिमुकलं विमान नकाशावरून सरकत होतं. तिने दुसरं काही लावलं नाही. ते विमान इंचाइंचाने मावळतीकडे सरकताना बघत बसली, जणू नजर काढली तर ते थांबेल.

आणि पडद्यावरचं विमान 'एनुगू' या अक्षरांवर आलं. खिडकीतून खाली पाहिलं तर काहीच नाही. ना टेकड्या, ना पत्र्याची छपरं, नुसता मातकट धुरळा. वाळवंटाकडून येणारं हरमाटानचं कोरडं वारं त्या आठवड्यात असं काही सुटलं होतं की चुलीवरच्या भांड्यातही धूळ पडायची. विमानाने एक घिरटी घातली, दुसरी घातली. मग वैमानिक बोलला. खालची धावपट्टी दिसत नाही, विमान लागोसला उतरेल.

उझोआमाका उभीच राहिली. हवाईसुंदरी धावत आली. "मम्मी, बसा, पट्टा लावा."

"अगं, माझं घर खाली आहे!"

"दिसत नाही ना मम्मी."

"मला दिसतंय!"

पण विमानाला दिसत नव्हतं. पंधरा हजार किलोमीटर आणलेला घास ओठांवरून परत गेला. पडद्यावरचं विमान एनुगू मागे टाकून पुढे सरकलं तेव्हा ती हमसून रडली. शेजारचा माणूस तिला पाण्याची बाटली देत होता, ती घ्यायलाही तिचा हात मोकळा नव्हता. दोन्ही हात कनवटीवर होते.

लागोसला विमान कंपनीच्या बाईने सांगितलं, आज हॉटेल, उद्या वारं पडलं की एनुगू, नाहीतर परवा.

"आणि परवाही नाही पडलं तर?"

"मग वाट बघावी लागेल मॅडम. वाऱ्यापुढे आमचं काय चालणार?"

"तुमचं चालत नसेल," उझोआमाका म्हणाली आणि सामान घेऊन बाहेर पडली. बसच्या अड्ड्यावरून तिने इकेम्बाला फोन लावला.

"कशा आहेत?"

"दोन दिवस पोटात काही नाही. पण शिव्या चालू आहेत."

"शिव्या चालू आहेत ना? मग अजून वेळ आहे. त्यांना सांग, मी रस्त्याने येतेय."

सकाळच्या पहिल्या बसने ती निघाली. सोबत दोन मोठ्या बॅगा, त्यात ओयिदियासाठी लोकरीची शाल, भाच्यांचे बूट, भावजयीसाठी पर्स, तीन महिन्यांत गोळा केलेलं सगळं. बेनिन गेलं, असाबा गेलं, नायजर नदीवरचा पूल गेला. ओनित्शा ओलांडल्यावर तिला वाटलं, आता जमलं. आणि उग्वुओबाच्या पुढे बसच्या इंजिनातून धूर निघाला. ड्रायव्हरने झाकण उघडून आत पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं. दुसरी बस ओनित्शाहून येईल म्हणाला.

रस्त्याकडेला भाड्याने माणसं नेणारा एक ओकाडावाला मोटरसायकल लावून शेंगा खात होता. उझोआमाका त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "उमुओझीला. उदीच्या बाजूचं. ओजी नदीवरून जुन्या रस्त्याने."

"जुना रस्ता फार खराब आहे मम्मी. नुसती माती. आणि या बॅगा कशा घेऊ?"

"बॅगा नाहीत. मी एकटी."

ड्रायव्हर ओरडला, "अहो, सामान? त्याची जबाबदारी कोणाची?"

"देवाची," ती म्हणाली आणि मागे बसली. "तो झोपला तर तुझी."

जुना रस्ता खरंच खराब होता. डांबर कधीच उखडलेलं, लाल मातीचे खड्डे, मोटरसायकल उधळली की मागे लाल ढग. वारं तोंडावर येत होतं, डोळे उघडवत नव्हते. एका खड्ड्यात चाक घसरलं आणि दोघंही उतरून ढकलत निघाले. सपाता चिखलासारख्या मऊ धुळीत रुतत होत्या, तिने त्या काढून हातात घेतल्या. अनवाणी चालताना डाव्या हाताला एक पडकी शाळा दिसली. छप्पर नाही, पडवीचे खांब तेवढे उभे. अशा पडक्या शाळा त्या रस्त्यावर पुष्कळ आहेत. हीच ती कशावरून? पण उझोआमाकाचे पाय थबकले. आईने आयुष्यभर कधी दाखवली नाही ती जागा, आणि आता विचारायला आई नाही. तिने कनवटीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "माझी घेतलीस. हिची नाही मिळायची."

ओकाडावाला वळला. "कोणाशी बोलताय मम्मी?"

"तुझ्याशी नाही. चल, गाडी चालू कर."

उमुओझीला पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात भावकी जमलेली. तिला पाहून कोणाला ओळखच पटेना. केसांपासून पायांपर्यंत लाल, डोळे तेवढे पांढरे. इकेम्बाने ओयिदियाला खुर्चीत बसवून बाहेर आणलं होतं. तो आवाजाचा डोंगर एवढासा झाला होता, पण तोंड तेच.

"आलीस? विमानाने जाते सांगून गेलीस, आणि हे काय, सरपटत आलीस?"

उझोआमाका खुर्चीपुढे आली. तिने गुडघे टेकले, दातांनी गाठी सोडल्या आणि डबी ओयिदियाच्या तळहातावर ठेवली. ओयिदियाने झाकण काढलं, कापूस बाजूला केला आणि खूप वेळ आत पाहिलं. मग ती हसली. खड्डा तयार होता. इकेम्बाने खुर्ची त्याच्या कडेला नेली. ओयिदियाने आपल्या हाताने नाळ मातीत ठेवली, रोप त्यावर उभं केलं, माती लोटली. उदे काकांनी ताडी ओतली आणि पूर्वजांना मुलीचं नाव सांगितलं. झालं. उझोआमाकाच्या छातीवरचा डोंगर उतरला. आता मेलं तरी चालेल असं तिला वाटलं.

"अजून एक खड्डा खण, इकेम्बा," ओयिदिया म्हणाली.

"कशाला काकू?"

"खण म्हटलं ना."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खड्डा झाला. पिशवीतलं दुसरं रोप आणून त्यात उभं केलं. ओयिदियाची नजर उझोआमाकाच्या पायांवर होती. तिथे लाल मातीचा थर जमला होता, घोट्यांपर्यंत.

"कुठल्या रस्त्याने आलीस?"

"जुन्या. ओजी नदीवरून."

"चालत?"

"थोडं. अनवाणी."

ओयिदियाने मान हलवली. "विमान इथे उतरलं असतं तर बूट घालून, स्वच्छ पायांनी आली असतीस माझ्या दारात. तुझी नाळ ज्या मातीत पडली ती माती पायांना लावून आलीस. बस त्या खड्ड्याच्या काठावर. पाय आत सोड."

उदे काका पुढे झाले. "अगं, ही दुसऱ्या घरची बाई. तिचं झाड आपल्या अंगणात कसं..."

"उदे," ओयिदिया म्हणाली, "मी मरायला टेकलेय. मला अडवायचं असेल तर घाई कर."

कोणी पुढे आलं नाही. उझोआमाका खड्ड्याच्या काठावर बसली. तिला कळलं होतं, आणि कळल्यामुळे तिला रडू आवरत नव्हतं, लहान पोरीसारखी ती मोठमोठ्याने रडत होती. इकेम्बाने तांब्या ओयिदियाच्या हातात दिला आणि खालून आधार दिला. तिने उझोआमाकाच्या पायावर पाणी ओतलं. लाल पाणी बोटांमधून ओघळून खड्ड्यात, रोपाच्या मुळांशी उतरलं.

"रडतेस काय," ओयिदिया म्हणाली. "दुसरा पाय दे."